अडीचशे वर्षांची शांतता आणि सामुराईची तलवार: सुधारली की बिघडली?

लोखंडे_मास्तर

मंडळी, जपानी तलवारींवर थोडंफार वाचतोय आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे.

१६०० साली सेकिगाहाराची लढाई झाली. १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडला. १६३७-३८ मध्ये शिमाबाराचं बंड मोडलं. त्यानंतर थेट १८५३ मध्ये अमेरिकन आरमारी अधिकारी पेरीची काळी जहाजं एडोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, खाडीत शिरेपर्यंत देशात म्हणावी अशी लढाई नाही. सामुराईंच्या पिढ्यांमागून पिढ्या कमरेला दोन-दोन तलवारी लावून हिंडल्या आणि त्यांतल्या बहुतेकांनी त्या रागाच्या भरात कधी उपसल्यासुद्धा नाहीत. या काळात तलवारीचं काय झालं?

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. तलवार बिघडली, नटवी झाली.

पुरावा म्हणून हामोन बघा. नव्या वाचकांसाठी सांगतो: पात्यावर मातीचा लेप देतात, धारेकडे पातळ आणि पाठीकडे जाड. लालबुंद तापवून पाण्यात बुडवलं की धार झटकन निवते आणि कडक होते, पाठ सावकाश निवते आणि चिवट राहते. या दोघींच्या सीमेवर जी दुधी रेघ उमटते ती हामोन. सतराव्या शतकात ताम्बा नो कामी योशिमिचीच्या घराण्यानं या रेघेतून बांबूच्या चिकाच्या पडद्याचे पट्टे काढले, पुढे पाण्यावर तरंगणारी शेवंतीची फुलं काढली. तलवारीवर फुलं! जुन्या कामाकुरा काळातल्या (बारावं ते चौदावं शतक) लोहारानं कपाळावर हात मारला असता.

अर्धा_कप

पहिला! चहा घेऊन बसलोय. चालू द्या.

निशिकासाईकर

मास्तर, अडीचशे वर्षं एका पोत्यात भरू नका. त्यात निदान तीन-चार वेगळ्या तलवारी आहेत आणि कपड्यांची फॅशन बदलावी तशा त्या बदलल्या आहेत.

सुरुवातीला, म्हणजे १६०० च्या आगेमागे, पातं रुंद आणि टोक लांबलचक. कारण मजेशीर आहे. चौदाव्या शतकातल्या अजस्र लांबीच्या तलवारी लोकांनी मुठीकडून कापून आखूड केल्या होत्या. तशा कापलेल्या तलवारीचा जो आकार दिसतो, तोच नव्या लोहारांनी मुळापासून घडवायला घेतला. म्हणजे शांततेची पहिली फॅशन ही जुन्या लढाईच्या तलवारीची नक्कल होती.

मग १६६० ते ७० च्या दशकात, कानबुन काळात, एकदम वेगळा आकार येतो. पातं जवळजवळ सरळ, मुठीपाशी रुंद, टोकाकडे निमुळतं, टोक छोटंसं. जपानी तलवार म्हटल्यावर जो डौलदार बाक डोळ्यांसमोर येतो, तो यात फारच कमी. याचा संबंध दोजोतल्या, म्हणजे तालमीतल्या, सरावाशी लावतात. समोरच्याच्या अंगावर चिलखत नाही, घोडा नाही, दोघं समोरासमोर जमिनीवर उभे. अशा वेळी सरळ, भोसकायला सोयीची तलवार हाताला बरी वाटते. १६८८ नंतर गेनरोकु काळात बाक पुन्हा वाढायला लागतो, कारण आता दोजोपेक्षा दिसणं महत्त्वाचं.

तेव्हा 'नटवी झाली' हे गेनरोकुला लागू पडेल. कानबुनला नाही.

मेघना_सातारा

एक बाळबोध प्रश्न. धार वर करून कमरपट्ट्यात खोचायची पद्धतही शांततेतलीच का? घाई नसेल तर कशीही खोचा, असं काही?

निशिकासाईकर

मेघनाताई, ती पद्धत त्याआधीची, मुरोमाची काळातली (चौदावं ते सोळावं शतक). घोडेस्वाराची ताची दोरीनं कमरेला टांगलेली असायची, धार जमिनीकडे. पुढे पायी लढणारे वाढले. धार वर ठेवून खोचली की उपसणं आणि वार एकाच हालचालीत होतो. म्हणजे ती घाईचीच पद्धत आहे, तुमच्या अंदाजाच्या बरोब्बर उलट :)

शांततेनं केलं ते असं की हे सगळं नियमात बसवलं. सामुराईच्या कमरेला लांब काताना आणि आखूड वाकिझाशी अशी जोडी, म्हणजे दाइशो, हवीच. शोगुनच्या, म्हणजे देश चालवणाऱ्या लष्करी प्रमुखाच्या, सरकारनं सतराव्या शतकात लांबीवर मर्यादा घालणारे हुकूम काढले आणि हळूहळू कातानाची लांबी २ शाकु ३ सुनच्या आसपास स्थिरावली, म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर.

आबा_बेळगावकर

लांबीच कशाला, रंगसुद्धा ठरलेला होता. किल्ल्यात हजेरीला जाताना म्यान काळ्या लाखेचं, मूठ पांढऱ्या पाकटाच्या कातड्याची आणि तिच्यावर काळा गोफ. लांब तलवारीच्या म्यानाचं टोक सपाट, आखूडच्या म्यानाचं गोल. सरळसरळ गणवेश!

आणि आत शिरताना लांब तलवार बाहेर काढून ठेवायची. आत फक्त आखूड. ती उपसली तर काय होतं ते १७०१ मध्ये दिसलं. आसानो नागानोरीनं एडोच्या किल्ल्यात किरा योशिनाकावर आखूड तलवारीनं वार केला. किरा जखमी झाला पण वाचला. आसानोला त्याच दिवशी पोट फाडून घ्यायची शिक्षा झाली, संस्थान खालसा झालं. पुढे त्याच्या ४७ बिनधनी सामुराईंनी सूड घेतला ती गोष्ट जगाला माहीत आहे. मला त्यातली पहिली पायरीच जास्त बोलकी वाटते. कमरेला तलवार लावणं सक्तीचं आणि ती बाहेर काढणं हा मरणाचा गुन्हा.

अर्धा_कप

मग बांबूचं पातं लावून हिंडायचं ना. कुणाला कळतंय?

आबा_बेळगावकर

हसण्यावारी नेऊ नका, तेच करायचे! त्याला ताकेमित्सु म्हणायचे. सामुराईचा पगार तांदळात, तो पिढ्यान्‌पिढ्या तेवढाच, आणि एडोतला खर्च मात्र वाढता. पार कंगाल झालेला माणूस पातं विकायचा आणि म्यानात बांबूचं पातं सरकवून ऐटीत चालायचा. मूठ, परज, म्यान जागच्या जागी. उपसायची वेळ आली नाही की झालं.

लोखंडे_मास्तर

घ्या! यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? म्यानात बांबू असला तरी समाजाचं काही अडत नव्हतं.

सोनारकाम_पुणे

मास्तर, तुमच्या 'नटवी' या शब्दावरच माझा आक्षेप आहे. मी धातुकामातली आहे, म्हणून थोडं लांबण लावते.

पातं नियमात अडकलं तेव्हा कारागिरांची सगळी बुद्धी त्याच्या भोवतीच्या वस्तूंकडे वळली. परज, म्हणजे त्सुबा. मुठीच्या गोफाखाली बसवलेले छोटे नक्षीदार तुकडे, मेनुकी. म्यानाच्या खाचेतली छोटी सुरी आणि तिची मूठ, कोझुका. या वस्तूंवर त्या अडीचशे वर्षांत जे काम झालंय ते बघून मी अक्षरशः काम थांबवून बसले होते.

शाकुदो घ्या. तांब्यात अगदी थोडं, काही टक्के सोनं. ओतल्यावर दिसायला तांब्यासारखंच. मग विशिष्ट द्रावणात उकळलं की वर निळसर काळी झळाळी येते. त्या काळ्यावर नानाको, म्हणजे खसखशीसारखे बारीक गोल दाणे, एकेक ठोकून उठवलेले. ओळी तिरक्या झाल्या की काम फुकट. मी एकदा तांब्याच्या पत्र्यावर करून बघितलं, दुसऱ्याच ओळीला वाकडी वाट.

गोतो घराणं हे काम पंधराव्या शतकापासून करत होतं, आधी आशिकागा शोगुनांसाठी आणि पुढे या अडीचशे वर्षांतल्या तोकुगावा शोगुनांसाठी. विषय ठरलेले: सिंह, ड्रॅगन, शेवंती. मग सतराव्या शतकाच्या शेवटी योकोया सोमिननं ती दरबारी चौकट सोडून शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी काम सुरू केलं. छिन्नी अशी तिरकी चालवली की धातूत कुंचल्याचा फटकारा उमटावा, जाड-बारीक, शाईसारखा. ही वस्तू लढाईच्या काळात जन्मली नसती. तिला लागणारा वेळ आणि तिच्याकडे बघत बसणारा माणूस, दोन्ही शांततेनंच दिले.

मुठीवरचं पाकटाचं कातडंही परदेशातून नागासाकीच्या बंदरात यायचं, डच आणि चिनी जहाजांतून. देश बंद होता म्हणतात, पण तलवारीची मूठ आयात केलेल्या मालावर चालली होती.

मेघना_सातारा

सोनारताई, काय सुंदर लिहिलंय! वाचनखूण साठवली.

गनिमी_कावळा

आपल्याकडे नेमकं उलट दिसतं. सतराव्या-अठराव्या शतकात मराठ्यांच्या मोहिमा थांबल्याच नाहीत. पातं युरोपातून आलेलं, म्हणून नाव फिरंग, आणि मूठ इथली. पातं कुठल्या देशाचं याचं कुणाला सोवळं नव्हतं, चाललं पाहिजे बस. शिवाय जपान्यांनी बंदूक सोडून दिली ना? मग तलवारच उरली त्यांच्याकडे. आपल्याकडे बंदूकही होती.

निशिकासाईकर

फिरंगेचं बरोबर. बंदुकीचं नाही. 'जपाननं बंदूक सोडली' ही गोष्ट चवीनं सांगितली जाते, पण संस्थानांकडे तोड्याच्या बंदुका शेवटपर्यंत होत्या, बंदूकधाऱ्यांच्या पलटणी होत्या, आणि खेड्यांत शेतकऱ्यांकडे रानडुकरं, हरणं हाकायला परवान्याच्या बंदुका होत्या. शेतकऱ्याच्या घरात बंदूक चालायची, पण लांब तलवार लावून त्यानं रस्त्यावर फिरणं चालायचं नाही! १५८८ मध्ये तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी यानं शेतकऱ्यांकडून हत्यारं गोळा केली, क्योतोच्या बुद्धमूर्तीसाठी खिळे हवेत असं कारण सांगून. तेव्हापासून प्रश्न धोक्यापेक्षा दर्जाचा होता. तलवार म्हणजे तुम्ही कोण, ते.

गनिमी_कावळा

हे माहीत नव्हतं. बरं, मग गुजर-मारवाड्यांसारखे तिथले व्यापारी काय लावायचे?

निशिकासाईकर

आखूड वाकिझाशी. ती त्यांना चालायची. आणि इथेच मास्तरांच्या नटवेपणाचं मूळ आहे. ओसाकाच्या तांदूळ-व्यापाऱ्यांकडे पैसा होता आणि मिरवायला एकच तलवार, तीही हातभर. मग तिच्यावरच काय ती हौस. या काळातल्या उंची वाकिझाशी इतक्या मोठ्या संख्येनं का सापडतात, याचं एक उत्तर हे.

ओसाकात १६७० च्या सुमारास त्सुदा सुकेहिरोनं हामोनमध्ये तोरान-बा काढली. किनाऱ्यावर फुटणाऱ्या मोठ्या लाटांची रांग, मध्येमध्ये उडालेले थेंब. इनोउए शिंकाई तिथलाच. इक्कान्शी तादात्सुना पात्यावर ड्रॅगन कोरायचा. ओसाकाच्या लोहारांवर 'दिखाऊ' हा शिक्का तेव्हापासून आहे.

अवांतर: सुकेहिरोची पदवी एचिझेन नो कामी. शब्दशः एचिझेन प्रांताचा सुभेदार. हा गडी ओसाकात घण मारतोय, एचिझेनशी कारभाराचा काडीचा संबंध नाही. या पदव्या क्योतोच्या राजदरबारातून मिळायच्या. मिळवून द्यायचा मक्ता इगा नो कामी किनमिचीच्या घराण्याकडे, म्हणजे पुन्हा लोहारच. अर्थात फुकट नाही.

अर्धा_कप

आमच्या गल्लीतल्या फ्लेक्सवर सगळेच 'कार्यसम्राट' असतात, तसं. पुढे?

भट्टीवाला

उशिरा आलो, पण पोलादाचा विषय म्हटल्यावर राहवत नाही. धातुशास्त्र शिकलोय, पोटापाण्यासाठी ओतकाम बघतो.

मास्तरांचं म्हणणं भावनेनं मांडलंय म्हणून कुणी खोडलंय असं समजू नका. त्यात तांत्रिक मुद्दा आहे. पाण्यात निववल्यावर कडक झालेला भाग ठिसूळही असतो. तो धारेच्या काठापुरता राहिला तर मागची चिवट पाठ धक्का पचवते. मोठ्या लाटा काढायच्या तर कडक भाग रुंद करावा लागतो आणि तो पाठीच्या दिशेनं वर चढतो. तिथे आडवा दणका बसला की तडा थेट आत जातो. म्हणजे लाट जितकी उंच तितका धोका जास्त. फुलं काढणं हा फक्त रुचीचा प्रश्न नाही.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. जुन्या काळी लोहार ज्या प्रांतात राहायचा तिथल्या वाळूच्या लोखंडावर काम करायचा. बिझेनचं पातं वेगळं, यामाशिरोचं वेगळं, नुसत्या पृष्ठभागावरून ओळखू येतं. शांतता आली, रस्ते आणि जलमार्ग सुरक्षित झाले, आणि पश्चिमेकडच्या चुगोकु भागातल्या मोठ्या ताताराभट्ट्यांचं (वाळूच्या लोखंडापासून पोलाद करणाऱ्या भट्ट्या) पोलाद देशभर विकलं जाऊ लागलं. लोहार किल्ल्यांच्या पेठांत येऊन बसले. सगळ्यांकडे तेच एकजिनसी, स्वच्छ पोलाद. पात्याच्या अंगातली जुनी विविधता गेली. मग एकाची तलवार दुसऱ्याहून वेगळी दिसणार कशानं? हामोननं! नक्षी वाढण्यामागे हेही कारण असावं असं मला वाटतं.

काहींनी आयात पोलादही वापरलं. तोकुगावांचा लोहार यासुत्सुगु, ज्याला शोगुनच्या घराण्याचं तीन पानांचं चिन्ह पात्याच्या बुडख्यावर, म्हणजे मुठीत जाणाऱ्या भागावर, कोरायची परवानगी होती, तो 'नानबान लोखंडापासून' असं अभिमानानं कोरून ठेवायचा. गोऱ्यांच्या जहाजातून आलेलं पोलाद म्हणजे तेव्हाचा इंपोर्टेड माल.

लोखंडे_मास्तर

भट्टीवाले साहेब, दंडवत! बघा मंडळी, शास्त्र माझ्या बाजूनं आहे.

काळा_चहा

जरा थांबा मास्तर. तुमच्या पहिल्या पोस्टचा पाया असा की लढाई नाही म्हणजे परीक्षा नाही. परीक्षा होती आणि ती फार भयानक होती. जेवताना वाचत असाल तर पुढचा परिच्छेद सोडा.

देहदंड दिलेल्यांच्या प्रेतांवर तलवारी चालवून बघत. वाळूच्या ढिगावर प्रेत ठेवायचं, कुठे वार करायचा त्या जागांना ठरलेली नावं, आणि निकाल पात्याच्या बुडख्यावर सोन्यानं भरायचा. नागासोने कोतेत्सु हा मूळचा एचिझेनचा चिलखत बनवणारा. चिलखतांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा पन्नाशीच्या आसपास एडोत येऊन तलवारी करायला लागला. त्याच्या तलवारींवर यामानो काएमोन या परीक्षकाचे सोन्याचे शेरे आहेत: दोन देह तुटले, तीन देह तुटले. पुढे हे काम यामादा आसाएमोन घराण्याकडे गेलं. ते पिढ्यान्‌पिढ्या शोगुनच्या तलवारी पारखत आणि गुन्हेगारांची मुंडकी उडवत, पण दर्जानं बिनधनीच राहिले. मृतांच्या यकृताची औषधं विकून श्रीमंत झाले ते वेगळं.

१७९७ मध्ये या घराण्याच्या मदतीनं कापण्याच्या गुणावर लोहारांची प्रतवारी छापली गेली. सर्वांत वरच्या वर्गात कोतेत्सु आहे, हिझेनचा पहिला तादायोशी आहे, आणि ओसाकाचा सोबोरो सुकेहिरोही आहे. हा लाटावाल्या सुकेहिरोचा गुरू, ज्यानं त्याला दत्तकही घेतलं. ओसाका म्हणजे निव्वळ दिखाऊ, हे इतकं सोपं नाही.

अर्धा_कप

सोन्यात भरलेला आयएसआय मार्क. चहा बाजूला ठेवलाय.

मेघना_सातारा

ते यकृताचं खरं आहे??

काळा_चहा

हो ताई. क्षयावरचं औषध म्हणून खपायचं.

लोखंडे_मास्तर

माहिती जबरदस्त, पण मुद्दा मान्य नाही. प्रेत उघडं, एका जागी पडलेलं, प्रतिकार शून्य. मारणारा पूर्ण वेळ घेऊन, पाय रोवून, सरळ वार करणार. यातून धार कळते. तलवार मोडते की नाही ते कुठे कळतं? लढाईत पातं शिरस्त्राणावर आपटतं, दुसऱ्या पात्याशी भिडतं, आडवं पडतं. परीक्षेनं फक्त कापणं मोजलं आणि लोहारानं कापणंच सुधारलं.

भट्टीवाला

मास्तर, हे वाक्य आवडलं. आणि याच्यावरच एक प्रसंग आहे, पण आधी त्याच्या अलीकडचं सांगतो.

अठराव्या शतकात धंदाच बसला. मला त्याचं कारण साधं वाटतं: नीट सांभाळलेली तलवार शतकानुशतकं टिकते. लढाईत तलवारी मोडतात, हरवतात, लुटल्या जातात, म्हणून मागणी राहते. शांततेत आजोबांची नातवाकडे येते. नवी कशाला हवी? आगीत जायच्या तेवढ्याच. १६५७ च्या मेइरेकीच्या आगीत एडो किल्ल्याचा मुख्य मनोरा गेला, पुन्हा बांधलाही नाही, आणि आतल्या कितीतरी नामांकित तलवारी गेल्या. आठवा शोगुन योशिमुने यानं १७२० च्या आसपास देशभर चांगले लोहार शोधायला लावले, सात्सुमाच्या मासाकियो आणि यासुयो यांना एका पानाचं चिन्ह कोरायचा मान दिला. तरी उतार थांबला नाही.

मग सुइशिन्शी मासाहिदे येतो, जन्म १७५०. गंमत म्हणजे तरुणपणी तोही सुकेहिरोच्या लाटा काढायचा, आणि झकास काढायचा. पुढे त्याचं मत बनलं की असल्या भपकेबाज तलवारी मोडतात, कामाकुरा आणि पुढच्या शतकातल्या पद्धतीकडे परत गेलं पाहिजे. शंभराहून जास्त शिष्य तयार केले. म्हणजे मास्तर, तुमचा धागा त्यानं दोनशे वर्षांपूर्वीच काढला होता!

त्याचा नामवंत शिष्य ताइकेइ नाओताने. माझा प्रसंग याचा. १८५३ च्या वसंतात, पेरी यायच्या काही महिने आधी, मात्सुशिरो संस्थाननं तलवारींची खरी परीक्षा घेतली. प्रेतं नाहीत. गवताच्या पेंढ्या, हरणाची शिंगं, लोखंडी पत्रे, शिरस्त्राण, आणि शेवटी पात्यावर लोखंडानं घाव, मोडेपर्यंत. जुन्याचा जप करणाऱ्या परंपरेतल्या नाओतानेची तलवार तिथे वाईट रीतीनं हरली. टिकली ती यामाउरा मासाओची, तिथल्याच शिनानो प्रांतातला लोहार, प्रसिद्ध कियोमारोचा थोरला भाऊ. ती मोडायला माणसं घामाघूम झाली.

सोनारकाम_पुणे

म्हणजे जुन्याकडे परत चला म्हणणाऱ्याच्या शिष्याची तलवारही जुन्यासारखी फक्त दिसतच होती?

भट्टीवाला

एका परीक्षेवरून सगळ्या नाओतानेंना नापास करू नये. पण तुमची शंका रास्त आहे. डोळ्यांनी नक्कल जमते. निववण्याचं तापमान आणि आतली रचना डोळ्यांना दिसत नाही.

काळा_चहा

आणि डोळ्यांचीच सत्ता होती त्या काळात. होनआमि घराणं बघा. पिढीजात तलवारी घासणारे आणि पारखणारे. मुठीकडून कापलेल्या जुन्या तलवारींवरची सही गेलेली, मग ती कुणाची हे होनआमि ठरवणार आणि घडी घातलेल्या कागदावर प्रमाणपत्र देणार, त्यात सोन्याच्या नाण्यांत किंमत. सरदार शोगुनला, शोगुन सरदाराला भेट देणार ती या कागदासकट. योशिमुनेच्या हुकुमावरून १७१९ मध्ये नामांकित तलवारींची यादी केली, तिच्यात आगीत जळालेल्या तलवारींचाही वेगळा भाग आहे. जळालेली तलवार कापण्याच्या कामाची राहत नाही, तरी यादीत मानानं बसली.

बनावट मालही त्यातूनच आला. कोतेत्सु दिसला की आधी खोटा समजा, असं अजून म्हणतात. शिनसेनगुमी या शोगुनच्या बाजूच्या टोळीचा म्होरक्या कोन्दो इसामी आपली तलवार कोतेत्सु आहे सांगायचा. ती खरी तर कियोमारोची, सही खोटी, अशी दंतकथा आहे. लढाईत मात्र टिकली म्हणतात.

गनिमी_कावळा

म्हणजे खोटी कोतेत्सु पण अस्सल तलवार. हे आवडलं राव.

आबा_बेळगावकर

शेवट कसा झाला तेही लिहा कुणीतरी, नाहीतर धागा १८५३ ला लटकेल.

निशिकासाईकर

लिहितो आबा. पेरीनंतर खून, कापाकापी, राजकीय टोळ्या. तलवार पुन्हा लांब, सरळ आणि जड झाली, सम्राटाच्या बाजूच्या तरुणांना तर ती फारच लांब लागायची. पंधरा-वीस वर्षं लोहारांची चांदी. मग १८७१ मध्ये तलवार न लावण्याची मुभा मिळाली आणि १८७६ मध्ये सैन्य-पोलीस आणि समारंभाचा पोशाख सोडून बाकीच्यांना लावायचीच बंदी. लोहार सुऱ्या, कात्र्या, शेतीची अवजारं करू लागले. सोनारताईंच्या क्षेत्रातलं उदाहरण म्हणजे कानो नात्सुओ, तलवारीच्या साजाचा कारागीर. त्यानं शोगुनशाहीनंतरच्या मेइजी सरकारच्या नव्या नाण्यांची नक्षी केली.

सोनारकाम_पुणे

त्या नाण्यांवरचा ड्रॅगन मोठा करून बघा कुणीतरी. खवले मोजता येतात.

लोखंडे_मास्तर

सगळं दोनदा वाचलं. माझं मत सोडत नाही, पण जागा बदलतो. बिघाड फुलांनी झाला नाही. पारखणारा बदलला. आधी तलवार वापरणारा माणूस पारखायचा. शांततेत तिघं आले: प्रेतावर वार करणारा, कागद देणारा, आणि पैसे मोजणारा शेठ. प्रत्येकानं आपल्याला कळतं तेवढं मागितलं आणि लोहारानं तेवढं अप्रतिम करून दिलं. मोडेल का, हे विचारणारा कुणी राहिला नव्हता, मात्सुशिरोपर्यंत.

काळा_चहा

वापरणारा पारखायचा म्हणता, पण ज्याची तलवार ऐन लढाईत मोडली तो तक्रार करायला परत यायचा का? जुन्या तलवारी आपल्याला इतक्या थोर वाटतात कारण वाईट होत्या त्या शिल्लकच नाहीत. मोडल्या, वितळवल्या. एडोच्या मात्र बऱ्या-वाईट सगळ्या टिकल्या, शांतता होती म्हणून. तुलना बरोबरीची नाही.

लोखंडे_मास्तर

हा मात्र अवघड चेंडू टाकलात. झोपून उठून उत्तर देतो.

भट्टीवाला

काळा_चहा, +१. हे आधी कुणी बोललंच नव्हतं.

आबा_बेळगावकर

मास्तर झोपलेत तोवर माझं एक काम. दिवाळीनंतर मुलाकडे तोक्योला जातोय. यातलं प्रत्यक्ष काय बघायला मिळेल?

निशिकासाईकर

आबा, र्‍योगोकुला तलवारींचं संग्रहालय आहे, २०१८ मध्ये तिथे हललंय, सुमोच्या आखाड्यापासून चालत जाण्यासारखं. उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयातही तलवारी मांडलेल्या असतात. निघण्याआधी काय मांडलंय ते बघून घ्या, पाती बदलत राहतात. आजचे लोहारही विचारात असतील तर सांगतो, परवानाधारक लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी करता येतात आणि त्यांचं पोलाद शिमानेतल्या ताताराभट्टीतून येतं. ती १९७७ मध्ये पुन्हा पेटवली, फक्त हिवाळ्यात चालते.

काचेसमोर सरळ उभं राहिलात तर पांढरी पट्टी दिसेल आणि 'यात काय एवढं' वाटेल. गुडघ्यात वाका, पात्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं ती जागा शोधा आणि डोकं हळूहळू वर-खाली करा. हामोन तिथेच उमटते, लाटाही आणि मास्तरांची फुलंही.

आबा_बेळगावकर

गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालंय. नातीला वाकायला लावतो आणि काय दिसतंय ते विचारतो.

अर्धा_कप

आबा, नातीचा वृत्तांत वेगळ्या धाग्यात टाका. फोटोंसकट.